अंड्यातच खाद्य दिलेली पिल्लं घेतली, तीन बॅचनंतर सांगतोय

पहिल्या बॅचचे बॉक्स शेडमध्ये उतरवले तेव्हा सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. पिल्लं चिवचिवत होती, पण गारठल्यावर किंवा भुकेनं कासावीस झाल्यावर जी तार स्वरातली ओरड असते ना, ती नव्हती. मी ब्रॉयलर बरीच वर्षं करतोय, बॉक्स उघडायच्या आधी आवाजावरूनच कळतं की रात्र कशी जाणार आहे. त्या दिवशी झाकण काढलं, पिल्लं कागदावर सोडली आणि निम्मी तरी सरळ खाद्याकडे पळाली. बाकीच्यांनी पाण्याच्या निप्पलला चोच लावली. बायको म्हणाली, "अहो, ही पिल्लं आत्ता अंड्यातून निघालेली वाटतच नाहीत, दोन दिवसांची वाटतायत." तेव्हाच ठरवलं होतं की याच्यावर नीट लिहायचं, पण एका बॅचवर बोलणं बरोबर नाही म्हणून थांबलो. आता तीन झाल्यात. एक खूप चांगली, एक वाईट गेली, आणि तिसरी परत चांगली. तिन्हीचं सांगतो.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. अंडं सेटरमध्ये, म्हणजे उबवायच्या मशीनमध्ये १८ दिवस असतं, मग हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं निघायच्या मशीनमध्ये जातं, २१व्या दिवशी पिल्लू. ही सेटरमधून हॅचरमध्ये बदली होते तेव्हा बऱ्याच मोठ्या हॅचऱ्या मशीनने अंड्याला बारीक भोक पाडून मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूच्या रोगाची लस देतात. ते काही नवीन नाही, १९९२ पासून अमेरिकेत ही मशीन धंद्यात आहेत. त्याच वेळी, त्याच सुईने जर गर्भाला थोडं पोषक द्रावण दिलं तर? हा विचार इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठातल्या झेहावा युनी आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातले पीटर फर्केट यांनी पुढे नेला आणि २००३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. लस देणाऱ्या हॅचऱ्या भरपूर आहेत, खाद्य देणाऱ्या अजून मोजक्याच, त्यामुळे मला पण शोधाशोध करावी लागली.

आता हे काम का करतं ते मला जसं समजलं तसं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय तुम्ही हॅचरीला नीट प्रश्न विचारू शकणार नाही. अंडं म्हणजे कोंबडीनं पिलाला बांधून दिलेली शिदोरी. त्यात चरबी आणि प्रोटीन भरपूर, पण साखर म्हणाल तर एक टक्क्याच्याही आत. एरवी गर्भ पिवळ्या बलकातली चरबी जाळून वाढतो आणि त्याचं भागतं. पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू मोठं झालेलं असतं आणि कवचातून येणारा ऑक्सिजन त्याला पुरत नाही, आणि चरबी जाळायला ऑक्सिजन लागतोच. म्हणून त्या काळात ते ग्लुकोजवर चालतं, ते येतं लिव्हर आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे साखरेच्या साठ्यातून. आणि नेमकं त्याच वेळी त्याला आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम करायचं असतं, म्हणजे आधी चोच हवेच्या पोकळीत घालायची, पहिला श्वास घ्यायचा, मग कवच फोडायचं, आत गोल फिरत ते कापायचं आणि बाहेर यायचं. मानेच्या मागे त्यासाठी एक खास स्नायू असतो, तो त्या वेळी चांगला फुगलेला दिसतो. ग्लायकोजेन संपलं की पिल्लू स्वतःचंच मांस मोडून ग्लुकोज बनवायला लागतं, आणि ते पण छातीचं मांस, जे आपण पुढे सहा आठवडे खाऊ घालून वाढवणार असतो. म्हणजे आपल्या शेडमध्ये यायच्या आधीच ते तोट्यात गेलेलं असतं.

मग द्रावण पोटात जातं कसं? मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. गर्भाभोवती जी पाण्याची पिशवी असते तिच्यात साधारण १२-१३व्या दिवसानंतर अंड्याचा पांढरा बलक उतरतो आणि गर्भ ते पाणी बाहेर यायच्या आधीपर्यंत तोंडाने पीत असतो. आपण इंजेक्शन म्हणतो, पण ते गर्भाला टोचायचं नसतंच, त्या पिशवीतल्या पाण्यात सोडायचं असतं, आणि पिल्लू ते स्वतः पितं, म्हणजे अंड्यात असतानाच त्याचं पहिलं जेवण होतं. त्यामुळे आतडं आधीच कामाला लागतं. १७व्या दिवशी आतड्याचं वजन गर्भाच्या साधारण १ टक्का असतं आणि बाहेर येईपर्यंत साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे आतड्याची खरी धावपळ याच चार दिवसांत असते. त्या वेळी आत साखर, डेक्स्ट्रिन, अमिनो ॲसिड असं काही पोचलं की आतड्याच्या आतले ते बोटासारखे उंचवटे, विलाय म्हणतात त्यांना, लांब होतात आणि पचवणारी एन्झाइम लवकर तयार होतात. खाद्य तेच, पण शोषून घ्यायला जागा जास्त.

आणि एक हिशेब करून बघा. पक्षी ४२ दिवसांना काढला तर अंड्यातले २१ धरून त्याचं एकूण आयुष्य ६३ दिवसांचं. म्हणजे एक तृतीयांश आयुष्य तो अंड्यात काढतो आणि त्या काळात आपण त्याला फक्त ऊब देतो, बाकी काही नाही. मला हे कळलं तेव्हा खरंच वाटलं की आपण इतकी वर्षं हा काळ सोडून देत होतो. प्री-स्टार्टरच्या, म्हणजे पिलांच्या पहिल्या खाद्याच्या, एकेका पोत्यावर वाद घालतो आणि इकडे तीन आठवडे कोरे.

आता माझा अनुभव. पहिल्या बॅचला मी नेहमीसारखीच पिल्लं तपासली, फक्त या वेळी जरा जास्त, प्रत्येक बॉक्समधून काही उचलून. पिल्लू पाठीवर टाकायचं आणि बघायचं किती वेळात उठतं, तीन सेकंदांच्या आत उठलं तर चांगलं. मग बेंबी, नीट मिटलेली आहे का, दोरा लोंबतोय का, काळी खपली आहे का. मग पायाचे गुडघे, लाल असतील तर समजायचं की कवच फोडताना पिल्लू खूप झगडलंय. चोचीवर लाल ठिपका आहे का. पोट टम्म आहे का मऊ. पासगर स्कोअर म्हणतात तो हाच, दहातून प्रत्येक दोषाला एक मार्क कमी. या पिलांचे गुडघे बघून मी खरंच दोनदा उजेडात नेऊन खात्री केली, कारण एरवी दर बॉक्समध्ये तीन-चार तरी लाल गुडघ्याची निघतात आणि इथे शोधावी लागत होती. एक पिल्लू हातात घेतलं तर ते अंगठ्याखालून पाय रेटत होतं, इतका जोर. बेंबी कोरडी, पिसं सुकी आणि फुललेली.

संध्याकाळी क्रॉप, म्हणजे गळ्याखालची खाद्याची पिशवी, तपासला. गळ्याखाली उजव्या बाजूला बोटाने हलकं दाबून बघायचं, मऊ भरीव लागलं तर खाद्य आणि पाणी दोन्ही गेलंय, कडक लागलं तर नुसतं खाद्य गेलंय पाणी नाही, आणि नुसतं फुग्यासारखं लागलं तर फक्त पाणी पिऊन बसलंय. आठ तासांत ८० टक्के पिलांचा क्रॉप भरलेला हवा आणि २४ तासांत ९५ च्या वर. माझ्याकडे आठ तासांचा आकडा पहिल्यांदाच इतक्या आरामात आला. मी त्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं, पिलांना ऊब देणारे ब्रूडर तेच, खाली अंथरायचं लिटर तेच, प्री-स्टार्टर तेच. सातव्या दिवशी वजन केलं तर सुरुवातीच्या चारपटीच्या चांगलं पुढे, आणि माझ्या जुन्या बॅचेस चारपटीला कशाबशा टेकायच्या.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, नाहीतर लोक अपेक्षा ठेवून घेतील आणि नंतर शिव्या देतील. पाचव्या आठवड्यापर्यंत वजनातला फरक कमी होत जातो. पहिल्या आठवड्यात डोळ्यात भरणारी आघाडी विक्रीच्या दिवशी तेवढी राहत नाही. मग फायदा कुठे झाला? एकसारखेपणात. माझ्या शेडमध्ये एरवी मागे पडलेली, खुरटी पिल्लं असतात, जी खाद्यापर्यंत पोचतच नाहीत आणि दहाव्या दिवशी बाजूला काढावी लागतात, ती या वेळी फारच कमी होती. चांगली पिल्लं तर एरवी पण चांगलीच वाढतात, खरा आधार मिळतो तो काठावरच्या पिलांना. माझं स्पष्ट मत आहे की या गोष्टीची किंमत सरासरी वजनावर लावू नका, तळाची दहा-पंधरा टक्के पिल्लं कशी आहेत त्यावर लावा.

मर पण पहिल्या आठवड्यात कमी झाली. त्याचं सगळं श्रेय मी याला देणार नाही, कारण त्या वेळी हवामान पण साथीला होतं. पण रोगप्रतिकाराचं म्हणाल तर त्यामागे कारण आहे. पिलाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं संरक्षण आईकडून बलकातून आलेल्या अँटीबॉडीचं असतं, ते हळूहळू ओसरतं आणि तोवर स्वतःची यंत्रणा उभी राहायला हवी. आतडं हा पक्ष्याच्या प्रतिकाराचा मोठा भाग आहे, आतडं लवकर तयार झालं की ती यंत्रणा पण लवकर तयार होते. म्हणून द्रावणात व्हिटॅमिन ई, झिंक, सेलेनियम, आर्जिनिन, थ्रिओनिन असलं पण घालतात. काही ठिकाणी चांगल्या जिवाणूंचं प्रोबायोटिक देतात, म्हणजे हॅचरमधल्या घाणीतले जिवाणू आतड्यात शिरायच्या आधी चांगल्यांनी जागा धरलेली असते. आणि एक वेगळीच पद्धत पोलंडच्या संशोधकांनी वापरली, ते १२व्या दिवशीच हवेच्या पोकळीत प्रीबायोटिक सोडतात. त्या वेळी आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यातून ते रक्तात जातं आणि आतड्यातल्या जिवाणूंना खायला मिळतं. युरोपात २००६ च्या सुरुवातीपासून वाढीसाठी खाद्यात अँटीबायोटिक घालायला बंदी आहे, तेव्हापासून असल्या पर्यायांवर खूप काम झालंय आणि ते व्हायलाच हवं. अँटीबायोटिकशिवाय पक्षी निरोगी ठेवायचा तर सुरुवात इतकी मागे जाऊनच करावी लागणार.

आता दुसरी बॅच. पहिल्या हॅचरीकडे तारीख मिळाली नाही म्हणून दुसरीकडे गेलो. त्यांनी पण सांगितलं की आम्ही अंड्यात न्यूट्रिशन देतो, आणि मी फार खोलात गेलो नाही, ही माझी चूक. बॉक्स उघडले तेव्हाच मन खट्टू झालं, बरीच पिल्लं ओलसर, पोट टम्म, बेंब्या उघड्या. तिसऱ्या दिवसापासून काही पिल्लं मान वर करून, चोच उघडून श्वास घ्यायला लागली. घरघर नव्हती, नुसती धाप. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी मेलेली चार-पाच फाडली आणि फुफ्फुसात पिवळट पांढरे दाणे दाखवले, बाजरीच्या दाण्याएवढे. बुरशी. ॲस्परजिलस. डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्या शेडमधलं नाही, इतक्या लवकर आलंय म्हणजे हॅचरीतूनच आलंय." त्या आठवड्यात रोज सकाळी बादली घेऊन मेलेली पिल्लं गोळा करायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की ही जगली असती. मला तोट्यापेक्षा त्याचा जास्त त्रास झाला, खरं सांगतो.

हे का होतं तर अंड्याला भोक पाडलं म्हणजे दार उघडलं. कवच आणि आतला पडदा हेच गर्भाचं कुंपण असतं. सुई प्रत्येक अंड्यानंतर निर्जंतुक द्रावणात धुतली जायला हवी, खोलीची हवा स्वच्छ हवी, द्रावण निर्जंतुक हवं, आणि सडलेली अंडी आधीच बाहेर काढलेली हवीत, कारण एका सडक्या अंड्यात गेलेली सुई पुढच्या चांगल्या अंड्यात गेली की संपलं. वर द्रावणात साखर, म्हणजे बुरशीला आणि जिवाणूंना पण मेजवानीच. नुसत्या लसीपेक्षा खाद्य देताना स्वच्छता जास्त पाळावी लागते ती यामुळे. मी त्या हॅचरीला फोन करून विचारलं की कोणत्या दिवशी टोचता, तर उत्तर आलं "सतराव्या किंवा अठराव्या, जसं जमेल तसं." जसं जमेल तसं! लवकर टोचलं तर गर्भ नीट वळलेला नसतो, द्रावण भलतीकडेच जातं आणि अंडी फुकट जातात. उशीर झाला तर त्याची चोच हवेच्या पोकळीत आलेली असते आणि पिणं थांबलेलं असतं. मी बॅच कार्ड, म्हणजे त्या लॉटच्या नोंदींचं कार्ड, मागितलं, ते दिलं नाही. नाव घेत नाही, पण परत तिकडे जाणार नाही.

तिसऱ्या वेळेला पहिल्याच हॅचरीकडे गेलो आणि म्हणालो की मला ट्रान्सफरच्या, म्हणजे अंडी सेटरमधून हॅचरमध्ये हलवायच्या दिवशी येऊन बघायचंय. तिथले मॅनेजर म्हणाले, "या ना भाऊ, आंघोळ करून आमचे कपडे घालून आत यावं लागेल तेवढं." हे ऐकूनच निम्मा विश्वास बसला. आत आधी कँडलिंग, प्रकाशावर अंडी बघून वांझ आणि मेलेली बाजूला. मग ट्रे मशीनखाली, सगळी अंडी रुंद टोक वर, म्हणजे हवेची पोकळी वर. वरून आधी एक छोटी पंचसारखी नळी कवचाला भोक पाडते, मग तिच्यातून सुई अडीच सेंटीमीटरच्या आसपास खाली जाते, द्रावण सोडते आणि वर येऊन धुतली जाते. एका ट्रेला काही सेकंद. मी त्यांना विचारलं बरोबर पिशवीतच गेलं हे कसं कळतं, तर त्यांनी निळा रंग घातलेलं द्रावण काही अंड्यांना देऊन ती लगेच फोडून दाखवली. एका अंड्यात गर्भाभोवतीचं सगळं पाणी निळं, त्याची चोच पंखाखाली खुपसलेली, डोळा मिटलेला. ते म्हणाले की आम्ही हे नियमित करतो, कारण सुई एक-दोन मिलीमीटर इकडेतिकडे झाली की हवेच्या पोकळीत जातं आणि वाया जातं. ते निळं अंडं मी अजून विसरलो नाही.

द्रावणाची दाटी हा पण महत्त्वाचा मुद्दा आहे, तो कुणी बोलत नाही. लोकांना वाटतं जास्त साखर, जास्त व्हिटॅमिन म्हणजे जास्त ताकद. तसं नसतं, दाट द्रावण गेलं की ते आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि गर्भालाच त्रास होतो, अंड्यांतून पिल्लं कमी निघतात. आणि मात्रा पण किती, तर अर्धा मिलीलिटर ते फार तर एक मिलीलिटर. त्यात काय काय कोंबणार? मरेक्सच्या लसीत तर काहीही मिसळायचं नाही असं ते ठामपणे म्हणाले आणि ते बरोबर आहे, ती लस जिवंत पेशींमध्ये असते, उणे १९६ अंशाच्या लिक्विड नायट्रोजनमधून काढतात, तिच्या द्रावणात भलतंसलतं घातलं की पेशी मरतात आणि लस नुसती नावाला राहते. लस आणि खाद्य वेगळं द्यायचं किंवा दोन्ही एकत्र चालतात हे लस कंपनीकडून लेखी घ्यायचं. तुमची हॅचरी "सगळं एकाच बाटलीत" म्हणत असेल तर जरा थांबा.

काही जण विचारतात की घरच्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये सिरिंजने करू का. मनापासून सांगतो, करू नका. हाताने भोक पाडताना खोली चुकते, रक्तवाहिनी फुटते, गर्भाच्या डोळ्यात सुई जाऊ शकते. तुमच्याकडची अंडी चांगली उबवायची असतील तर तापमान ३७.५ च्या आसपास स्थिर ठेवा, अंडी नीट फिरवा आणि पिल्लू सुकलं की लगेच खाद्यपाणी द्या, त्यात पण खूप फरक पडतो. हॅचरीतली पिल्लं सगळी एकदम निघत नाहीत, आधी निघालेलं शेवटच्याची वाट बघत एक-दीड दिवस तसंच बसतं, मग लस, मोजणी, गाडी. अंड्यातलं खाद्य मुख्यतः त्या उपाशी तासांसाठी आहे. ज्याच्याकडे पिल्लू दोन तासांत खाद्यावर येतं त्याला याची गरज तशी कमी.

तरुण कोंबड्यांच्या अंड्यातली पिल्लं लहान असतात, त्यांची शिदोरी पण लहान. मला वाटतं अशा लॉटला हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. तिसऱ्या बॅचला माझा लॉट तरुण कोंबड्यांचाच होता, नेहमी अशा पिलांना मी पहिले चार दिवस जपून जपून सांभाळतो, यावेळी पण सांभाळलंच, पण पिलांनी मला रात्री दोनदा उठवलं नाही. क्रॉप आठ तासांत परत तसाच भरलेला. हे जादा पैसे देऊन घेतलंय आणि मला ते परवडलं. पण ब्रूडिंग ढिलं असेल, शेड थंड असेल, पाणी कोमट नसेल तर हे पैसे पाण्यात जातील, दुसऱ्या बॅचसारखी हॅचरी असेल तर त्याहून वाईट.

पहिल्या हॅचरीला पाचपैकी चार देतो. एक कापला कारण द्रावणात नेमकं काय आणि किती आहे हे त्यांनी सगळं दाखवूनसुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाही. "आमचा फॉर्म्युला आहे भाऊ" एवढंच. माझ्या पक्ष्याचा पहिला घास आहे तो, लेबलवर असायला हवा, प्री-स्टार्टरच्या पोत्यावर असतो तसा. पुढच्या ऑर्डरच्या वेळी मी तेच लिहून मागितलंय, आणि बॅच कार्डवर टोचण्याचा दिवस आणि तास पण.